दुसरी चप्पल

मारुतीअण्णांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, पण त्यांच्याइतका अस्सल दारुडा अख्ख्या बंगळूरात सापडायचा नाही. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली आणि वाटेतल्या विजेच्या खांबाला "सरका की ओ स्वल्प" अशी विनंती. एका गावात हा प्रयोग इतका रंगला की कुण्या आजीबाईंनी त्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. अण्णा दिवसभर खूश होते.

अण्णा मूळचे निपाणीचे. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या छोट्या संस्थेत ते गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना शिकवतात. गावात कुणी व्यसनाच्या वाटेला लागला तर त्याला वेळीच कसं गाठायचं, हा विषय. शिकवणं त्यांचं काम आणि त्यासाठी अनुदान मिळवणं माझं. मी पुण्याची असल्याने कागदावर माझं कुणी वाकडं करू शकत नाही.

अण्णांची सगळी विद्या चपलेत आहे. "पिणाऱ्याला भाषण देऊ नका," ते सांगतात. "बायको देते, आई देते, ज्यानं पाजली तोसुद्धा देतोय. तुम्ही त्याची पडलेली चप्पल शोधा आणि सकाळी घरी नेऊन द्या. शुद्धीत असतोय, लाजलेला असतोय. चपलेसाठी दार तर उघडतोयच की." दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, जेवण झालं का? आणि वाद घालायचा नाही. तो म्हणाला मी राजा, तर आपण म्हणायचं बसा महाराज. हे सगळं मी अर्जात 'पादत्राणाधारित संपर्कपद्धती' अशा अर्थाच्या भारदस्त इंग्रजीत बसवलं आणि पहिल्या वर्षाचे पैसे मिळवले.

दुसऱ्या वर्षी मात्र पैसे देणाऱ्या कंपनीने कळवलं की आधी शिबिर बघू, मग ठरवू. इलेक्ट्रॉनिक सिटीतून देशमुख मॅडम येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या असत्या तर शिबिर अर्ध्यावर बंद पडून सगळ्या बायका अर्धवट शिकून घरी गेल्या असत्या. मी अण्णांना म्हटलं, निदान पडद्यावर चार चित्रं दाखवा. "पडद्यावर चप्पल पडत नाही ओ मॅडम," अण्णा म्हणाले आणि विषय संपला.

शिबिर होसकोट्याच्या पुढच्या एका गावात, समाजमंदिरात होतं. त्या दिवशी मी आणि अण्णा हार घेऊन फाट्यावर उभे राहिलो. मॅडमचा ड्रायव्हर रस्ता चुकून मागच्या बाजूने गावात शिरला. वळणावळणांनी मॅडमना मळमळायला लागलं, म्हणून त्या गल्लीतच उतरल्या, आणि उतरताच एक सँडल चिखलात रुतून बसली. भिंतीचा आधार घेत, झोकांड्या खात, एक पाय अनवाणी, अशा त्या समाजमंदिरात पोचल्या.

आता, सरावासाठी न सांगता कुणालातरी दारुडा बनवून पाठवायची अण्णांना खोड. बायकांना वाटलं, यावेळी बाई पाठवली.

कंटाळून आम्ही परतलो तेव्हा मॅडम खुर्चीत होत्या आणि अंगणवाडीतली रत्नम्मा समोर बसली होती. "ऊटा आयता, अक्का? जेवलात?" ती विचारत होती. मॅडम हिंदीत सांगत होत्या की मी कंपनीकडून आलेय, इथले सगळे पैसे आम्हीच देतो.

"सरी अक्का, बरोबर," रत्नम्मा म्हणाली. "सगळे पैसे तुमचेच. आधी ताक प्या."

अनुदान गेलं. मी पुढे झाले, तर अण्णांनी माझा हात धरला. "थांबा. बरोबर करायलीय ती."

मॅडम ताक प्यायल्या. कुणीतरी चिखलातली सँडल धुऊन आणून पायाशी ठेवली. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सकाळपासून मला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं." मग साहेबांचे फोन, न बोलणारी मुलगी, झोप न येणं असं बरंच काही बाहेर पडलं. रत्नम्मा नुसती हं हं करत होती. खरा प्रकार कळल्यावर तिने पदर तोंडात कोंबला, आणि मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पडद्याची आठवण कुणालाच झाली नाही.

मंजुरी आली तेव्हा मी रविवारी सकाळी पेढे घेऊन अण्णांच्या खोलीवर गेले. दारात त्यांच्या चपलांचा जोड होता आणि अण्णा पायरीवर बसून एका तिसऱ्या चपलेला एरंडेल चोळत होते. जुनी कोल्हापुरी, पण अजून मऊ.

"ही कुणाची?"

"शिवूची. धाकटा मुलगा माझा. प्यायचा. फार वर्षांमागं एका दुपारी मी त्याला भाषण दिलं, चांगलं पोटभर. तसाच उठून गेला, परत आला नाही. ही इथंच राहिली."

"आणि दुसरी?"

"त्याच्या पायात आहे की."

आहे म्हणाले. इतकी वर्षं झाली तरी आहे. मला फार वाईट वाटलं, आणि धीर देणारी चार वाक्यं तोंडाशी आली.

"वाळली की चावते ओ," अण्णा म्हणाले आणि अंगठ्यापाशी आणखी थोडं तेल जिरवलं.

मी ती वाक्यं गिळली. "अण्णा, जेवण झालं?"

हात थांबला. त्यांनी चप्पल दारातल्या जोडाशेजारी ठेवली. "नाही ओ अजून," ते म्हणाले आणि सरकून त्यांनी मला पायरीवर जागा करून दिली.