फौजदाराची एकादशी

आमच्या शेजारचे टिल्लूभावजी ठाण्याच्या कचेरीतून घरी आले, की आधी बेडकाला जेवायला वाढायचे आणि मग स्वतः जेवायचे. खोटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं! लग्न होऊन मी डोंबिवलीच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी शेजारून आवाज आला, "या फौजदार, पान वाढलंय!" एवढा मोठा पाहुणा कोण, म्हणून मी पदर सावरून डोकावले. बघते तर टेबलावर काचेची पेटी, पेटीत पाणी, पाण्यात तीन लाल मासे आणि एक गलेलठ्ठ बेडूक! भावजींच्या हातात खराट्याचा हीर, त्याच्या टोकाला गांडूळ. त्यांनी हीर जरासा थरथरवला मात्र, बेडकाने गपकन झडप घातली. मी अशी किंचाळले, की आमच्या सासूबाईंच्या हातून पळी पडली.

"अहो वहिनी, घाबरता काय! हललं तरच त्याला ते अन्न वाटतं. आणि पोट भरलेलं असलं, की मासा नाकासमोरून गेला तरी ढुंकून बघत नाही. वेळेवर द्या, मग बघा!"

'वेळेवर द्या, मग बघा!' हे त्यांचं पालुपद. पोस्टमन खेकसला, की भावजी म्हणणार, "उपाशी असेल बिचारा." दोन बायका नळावर भांडल्या, की भावजी विचारणार, "यांची जेवणं झालीत का?" स्वतःच्या कोटाच्या खिशात चिवड्याची डबी कायम. साहेबांनी थांबवून घेतलं, गाडीला उशीर झाला, की दोन बकाणे भरलेच!

पेटी त्यांनी ठाण्याच्या काचवाल्याकडून लोखंडी चौकटीत बसवून घेतली होती. वर झाकण म्हणून पिठाची चाळण, चाळणीवर वरवंटा. फौजदार आमच्या चाळीच्या विहिरीतलाच, जन्मभर पाण्यात राहणाऱ्या जातीचा. त्याला टेकायला एक उपडी करवंटी. मासे मुंबईहून आणलेले. त्यांतली सगळ्यात धाकटी ठमी, करंगळीएवढी. फौजदाराच्या तोंडासमोरून मिरवायची तिला कोण हौस!

आणि भिंतीवर कॅलेंडर. गेल्या गुरुपौर्णिमेपासून येत्या गुरुपौर्णिमेपर्यंत एकही मासा जाता कामा नये, असा भावजींचा पण होता. रोज एक फुली. पण कशासाठी, ते विचारलं की गप्प. चाळीला मात्र त्या फुल्यांचं वेडच लागलं होतं. "किती राहिले?" असं नळावर रोज कुणीतरी विचारायचंच. सासूबाई तेवढ्या फणकारायच्या, "बायको दोन वर्षं कल्याणला माहेरी बसलीय, आणि हा बेडकाला भरवतोय!"

पाचच दिवस उरले आणि नेमकं साहेबांबरोबर दौऱ्यावर मुरबाडला जायची वेळ आली. भावजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "वहिनी, संध्याकाळी साडेसहा. विसरू नका हं." मी म्हटलं, "तुम्ही निश्चिंत जा!" दशमीला मी डोळे मिटून गांडूळ भरवलं. अहो, भरवलं! मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मी हीर उचलला, तर सासूबाई दारात आडव्या.

"आज आषाढी एकादशी! आज माझी सून जीव टोचणार? मुळीच नाही. एक दिवस उपास घडला तर बेडकालाही पुण्य लागेल."

"अहो, पण आई, तो—"

"उपासाचं दे ना काहीतरी!"

काय करणार! मी भिजवलेला साबुदाणा हिराच्या टोकाला लावला आणि थरथरवला. फौजदाराने झडप घातली आणि लगेच बाहेर टाकला. वर दोन्ही हातांनी तोंड पुसलं मेल्याने! दाण्याचं कूट लावून बघितलं, तेही नको. मग मी हात जोडले आणि घरी आले.

द्वादशीला सकाळी दार उघडलं. मासे दोनच. ठमी कुठेच नाही. करवंटीवर फौजदार डोळे मिटून बसलेला. त्याने पारणं फेडलं होतं.

मी ओक्साबोक्शी रडले. दुपारी भावजी आले, त्यांनी मासे मोजले, पुन्हा मोजले आणि खुर्चीत बसले. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"तुमची चूक नाही वहिनी. त्याला एकादशी नसते, हे मी सांगायला हवं होतं." मग कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मीही असाच आलो होतो. सकाळपासून पोटात काही नाही. स्वयंपाकाला थोडा उशीर झाला होता, तर मी ताट भिरकावलं. सुमतीच्या कपाळाला लागलं. ती गेली ते बरोबरच केलं तिने. म्हटलं, भुकेला की झडप घालणारा हा प्राणी वर्षभर नीट राहिला, तर मीही राहीन. मग पौर्णिमेला तिला आणायला जाईन. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

दुसऱ्याच दिवशी मी सासूबाईंना घेऊन कल्याण गाठलं. सुमतीताई समोर येताच सासूबाई त्यांचा हात धरून म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं गं सगळं." मी बेडकापासून साबुदाण्यापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. सुमतीताईंनी कपाळावरच्या बारीकशा व्रणावरून बोट फिरवलं.

"म्हणजे मला 'चुकलो' म्हणायला यांना बेडूक लागला?" त्या म्हणाल्या. "येईन पौर्णिमेला. बघायला. राहायला नाही."

आल्या! बरोबर सहाला, हातात एकच पिशवी. चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांना त्या दिवशी गॅलरीतच तांदूळ निवडायचे होते. सव्वासहाला भावजी आले आणि दारातच थबकले.

"चुकलो मी, सुमती."

"बरं," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

साडेसहाला भावजींनी हीर घेतला. आज तो मुद्दाम थरथरवावा लागला नाही. फौजदाराचं झालं, मग त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, वरणभात केला आणि पान मांडलं. एकच.

"तुम्ही?" सुमतीताईंनी विचारलं.

"तुझं आधी होऊ दे."

आणि त्या जेवल्या! काय सावकाश जेवल्या! एकेक शीत मोजल्यासारखं. पुन्हा भात मागितला, पुन्हा वरण मागितलं. भावजी वाढत होते. आठ वाजले. त्यांच्या पोटातली गुरगुर आम्हाला गॅलरीत ऐकू आली. चिवड्याची डबी कोटात, कोट समोर खुंटीला. पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अगं बाई, जेवू दे ना आता त्याला!"

सुमतीताईंनी हात धुतला. दुसरं पान घेतलं, त्यावर भात वाढला आणि पाट सरकवला. "बसा."

भावजी बसले, पण घास काही उचलेनात. सुमतीताई पेटीशी जाऊन उभ्या राहिल्या. एकदा फौजदाराकडे पाहिलं, एकदा त्या दोन माशांकडे.

"ठमीच्या जागी दुसरी आणायची, तर मुंबईत कुठे मिळते?"

भावजींना दुकान तोंडपाठ होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळे पुसत पहिला घास घेतला.