तोंडपाठ तक्ता

माझ्या मामाला दिसत नाही, ही गोष्ट घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाने केव्हाच मान्य केलेली आहे. मान्यता बाकी होती ती फक्त नेत्रविभागाची.

मामाच्या दृष्टिपटलाचा नेमका मधला भाग झिजलाय. त्यामुळे तो ज्याच्याकडे बघतो तेवढंच त्याला दिसत नाही. कडेकडेचं तेवढं धूसर दिसतं. मला बघायचं असलं की तो माझ्यापासून तोंड फिरवतो. नवख्या माणसाला वाटतं, आमचं भांडण झालंय. तसं ते बऱ्याचदा झालेलंही असतं, कारण मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तो मला ‘भोंगा’ म्हणतो. शिवाय आई रागावली की म्हणते, “नाकसुद्धा मामाचंच घेतलंय कार्टीने.” मामाने माझं नाक शेवटचं पाहिलं तेव्हा ते बटणाएवढं होतं. “एकदा नीट बघू दे,” तो म्हणतो, “मग या आरोपाला उत्तर देतो.”

आणि नेत्रविभागात खरोखरच नवा उपचार आला. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून दृष्टिपटलाच्या पेशी वाढवायच्या आणि डोळ्यात झिजलेल्या जागी नेऊन बसवायच्या. उपचाराची चाचणी चालू होती आणि रुग्णांत एकच जागा उरली होती. अट साधी होती: रुग्णाला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचता येता कामा नये.

आम्ही निर्धास्त होतो. मामाला तक्ता काय, भिंतही दिसत नव्हती.

“वाचा काका,” तपासनीस म्हणाला.

मामा ताठ बसला. “र. प, ट. ल, न, ग.” असं करत तो एकेक ओळ उतरत मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत पोचला. तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही त्याने वाचलं. तपासनिसाला ते खरं आहे का हे पाहायला भिंग आणावं लागलं.

“शिवाय शेवटून दुसऱ्या ओळीत ‘ण’ डावीकडे कललाय,” मामा म्हणाला. “मी मागेही सांगितलं होतं.”

मामाने जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. त्याचे डोळे शाबूत होते तेव्हापासून त्या खोलीत तोच तक्ता टांगलेला आहे, आणि प्रत्येक खेपेला नंबर लागेपर्यंत मामा तो तपासत बसायचा. मामाने एकदा तपासलेला मजकूर त्याच्या डोक्यातून मेल्याशिवाय निघत नाही.

“अरे मामा, तुला दिसत नाहीये,” मी त्याच्या कानात म्हटलं.

“दिसतंय का, असं त्यांनी कुठे विचारलं? वाचा म्हणाले.”

तपासनिसाने लिहिलं: दृष्टी उत्तम, उपचारास अपात्र. मामा उठला, कोट अडकवायच्या स्टँडला “येतो साहेब” म्हणाला आणि दार समजून कपाटात शिरू लागला. तपासनिसाने खाली भर घातली: स्वभाव विनम्र.

मी तडक विभागाच्या मोठ्या मॅडमांकडे गेले. “दुसरा तक्ता लावा ना.”

“नवा तक्ता आहे ना कपाटात,” मॅडम म्हणाल्या. “पण जुना निकामी झाल्याशिवाय काढता येत नाही. आणि निकामी कधी म्हणायचा? तो कुणालाच वाचता येईनासा झाला की. तुझ्या मामांनी तर आत्ताच तळापर्यंत वाचलाय.”

“मग बोटं दाखवून विचारा, किती आहेत.”

“बोटं प्रमाणित नाहीत, बाळ.”

मी एवढी बोलले की त्यांनी कंटाळून फेरतपासणी मंजूर केली. पण फेरतपासणी फक्त चाचणीतल्या रुग्णांचीच होते, म्हणून मामाला आधी तात्पुरतं चाचणीत दाखल करून घेतलं.

घरी आम्ही सराव सुरू केला.

“पहिलं अक्षर ‘म’ आहे असं सांगायचं,” मी म्हटलं. “म्हण.”

“र.”

“मामा.”

“अगं, ‘र’च आहे ते.”

आई वैतागली. “आयुष्यात एकदा चुकीचं वाचलंस तर काय छापखाना कोसळणार आहे?”

“ताई, तुला मुद्दाम खारट भाजी करता येईल का?”

“मुद्दाम कशाला?” मी म्हटलं, आणि पाठीत धपाटा खाल्ला.

फेरतपासणीच्या दिवशी मॅडम जातीने हजर होत्या. मामाला खुर्चीत बसवलं आणि तेवढ्यात वीज गेली. खोलीत मिट्ट काळोख. मला वाटलं, देव पावला. आता कुणालाच काही दिसत नाही, म्हणजे मामाही चारचौघांसारखा.

“वाचा,” तपासनीस सवयीने म्हणाला.

मामाने ‘म’ म्हणायला तोंड उघडलेलं मला ऐकू आलं. मग एक दीर्घ उसासा. मग, “र. प, ट. ल, न, ग,” थेट छापखान्यापर्यंत.

वीज आली तेव्हा मॅडमांचे डोळे पाणावले होते. “चाचणीत दाखल झाले, आणि अंधारातही दिसायला लागलं.”

“पण पेशी अजून बसवल्याच नाहीत,” मी म्हटलं.

“तेच तर यश. दुष्परिणाम एकही नाही.”

पुढच्याच आठवड्यात सभागृहात मामाचा सत्कार ठरला. मामा नाही म्हणाला. आई म्हणाली, “जा बाबा, माईक देतील तेव्हा खरं काय ते सांग. एवढ्या लोकांत कुणीतरी ऐकेलच.”

व्यासपीठावर तोच तक्ता हार घालून ठेवला होता. मी सरळ वर गेले आणि सगळ्यांदेखत तो फिरवून ठेवला. अक्षरं मागे, कोरी पाठ पुढे. मला कुणी अडवलं नाही. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचा भाग असेल.

मामाने कोरी पाठ खणखणीत वाचून दाखवली. कललेल्या ‘ण’सकट. टाळ्यांचा कडकडाट.

“मला काही दिसत नाही,” मामा माईकवर म्हणाला.

लोक खदखदून हसले. किती खेळकर माणूस.

मग मी माईक घेतला आणि भोंग्याच्या लौकिकाला साजेल अशा आवाजात म्हटलं, “अहो, तक्ता कोरा आहे. बघा तरी.” लोकांनी बघायला फोन आणखी वर धरले. मामाने त्यांना बघायला तोंड फिरवलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली आलं: सत्काराने संकोचून मान वळवताना.

चाचणीतली ती जागा ‘यशस्वी’ म्हणून बंद झाली. बऱ्या झालेल्या माणसावर उपचार करता येत नाहीत, असा नियम आहे, आणि नियम चांगला आहे. मामा घरी आला, माझ्यापासून तोंड फिरवून बराच वेळ बसला. “नाक धूसरच आहे, भोंग्या,” म्हणाला. “आरोप प्रलंबित.”

सत्काराचा व्हिडिओ तुम्हालाही आला होता. ‘डोळे भरून येतील, शेवटपर्यंत पाहा’ असं लिहून तुम्हीच तो पुढे पाठवलात. त्यात मामा दिसतो, हार दिसतो, कडेला मी ओरडताना दिसते. आणि अगदी मधोमध, पूर्ण वेळ, कोरा तक्ता आहे.

मधलं तेवढंच दिसत नसेल, तर डोळे दाखवून घ्या. तक्ता मामा पाठ करून देईल.