साठ दिवसांची गिरकी

तपासणीला दहा दिवस उरले असताना विज्ञान केंद्रातल्या लघुग्रहाची मोटर जळाली. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या एका आळशी धोंड्याची ती घागरीएवढी प्रतिकृती. खरा धोंडा स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला साठ दिवस लावतो, म्हणून इथेही तेवढेच. ही प्रतिकृती केंद्राच्या मिस्त्रीने बनवली होती, आणि तपासणीत ती चालताना दिसली तरच त्याची सहा वर्षं हंगामी असलेली नोकरी कायम व्हायची होती. नवी मोटर महिनाभर तरी येणार नव्हती.

पण मिस्त्री डोकेबाज. साठ दिवसांत एक फेरी म्हणजे दिवसाला सहा अंश, एवढं तर हातानेही जमतं. जळकी मोटर काढून ठेवून तो रोज सकाळी कोनमापक लावून धोंडा सरकवू लागला. चौथ्या दिवशी पाहतो तर धोंडा दुप्पट पुढे.

"मावशी, याला हात लावता का?" त्याने झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं.

"लावते की. मोटर गेलीय, तुमची नोकरी अडकलीय. पुसता पुसता ढकलते जरासा. माणसाने एवढंही करू नये का?"

रागवावं की पाया पडावं, मिस्त्रीला कळेना. "उपकार झाले मावशी, पण आता पुरे."

तपासणीचे साहेब सकाळीच आले. त्यांनी धोंड्याचा फोटो काढला आणि समोर खुर्ची टाकली. "संध्याकाळी दुसरा काढतो आणि जुळवून बघतो. फिरत नसेल तर तसं लिहावं लागेल."

साहेब जेवायला उठले की धोंडा सरकवायचा, असं मिस्त्रीने ठरवलं. साहेब जेवायलासुद्धा उठले नाहीत. शेवटी सगळं कबूल करायचं ठरवून, चहाचा कप घेऊन तो दाराशी आला आणि तिथेच थबकला.

बसून बसून कंटाळलेल्या साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि धोंड्याला हळूच बोट लावलं. धोंडा मोकळाच होता, तो गर्रकन पाव फेरी गेला. साहेबांचा चेहरा उतरला. मिस्त्री खाकरला.

"साहेब, एक सांगायचं होतं. ती मोटर..."

"मोटरला काय झालंय? काही झालेलं नाही. मी सकाळपासून इथेच बसलोय ना?"

"तसं नाही साहेब, ती आधीपासूनच..."

"आधीपासूनच उत्तम आहे. कागद आणा."

साहेबांनी उभ्याउभ्याच सही ठोकली. मग नियम म्हणून दुसरा फोटो काढला, पहिल्याशी ताडून पाहिला, बराच वेळ विचार केला आणि सहीच्या वर आणखी एक ओळ घातली.

त्याच आठवड्यात मिस्त्रीची नोकरी कायम झाली. पत्राला साहेबांचा शेरा जोडलेला होता: 'यंत्र उत्तम चालते. फक्त वेग थोडा कमी करावा.'