बारीक केबलीच्या जळिताची हकीकत

श्री. जिच्या कृपेने दिवे लागतात आणि जिच्या कोपे घरे जळतात, ती विद्युल्लता सर्वांस सांभाळो. शके १९४३, प्लवनाम संवत्सरी, वैशाख मासी, एका राज्यात सरकारांनी संगणकी नाण्यांचे खाणकाम, म्हणजे यंत्रांकरवी गणिते सोडवून नाणी मिळविणे, आरंभिले आणि कारखानीस म्हणोन गिरमाजीपंत नेमिले, आणि त्यांची पाठची भगिनी मथुराबाई, त्याही त्याच विद्येत निपुण, त्या जोडकारभारी जाहल्या. मग सरकारस्वारी कारखाना पाहावयास येणार ऐसी वार्ता आली, आणि पंतांस हौस वाटली की एकही यंत्र बंद दिसू नये. गणिते करणारी ग्राफिक्स कार्डे भरपूर, परंतु त्यांस वीज पोचविणाऱ्या जाड केबली अपुऱ्या पडल्या. मग पंतांनी डिस्कसाठी असतात त्या बारीक केबली घेतल्या आणि जोडतुकडे लावून कार्डांस जुंपिल्या.

मथुराबाई बोलिल्या, "दादा, ही तार कार्डाचा भार सोसणार नाही. प्लग वितळेल. जाड केबली येईतो थोडी कार्डे बंद ठेवा."

पंत कारखान्याच्या मंडळींदेखत हसले. "मथे, तुला तार दिसली की आगच दिसते!" मंडळीही हसली.

सरकार आले, यंत्रे घोंघावू लागली, पंत पुढे होऊन वर्णन करू लागले, इतक्यात जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि एका रांगेत जाळ उठला. पंतांचे पाय जागीच खिळले. मथुराबाई धावल्या आणि जाळातून हात घालून मुख्य स्विच पाडिला, आणि मग आग विझवावयाचे नळकांडे फवारून जाळ शमविला, आणि हात भाजला म्हणोन नळकांडे पंतांचे हाती दिले. धूर निवळला तो सरकारांनी पंतांचे हाती नळकांडे तेवढेच पाहिले. "पंत, शर्थ केली!" ऐसे बोलून अंगावरची शाल पांघरविली आणि पुसिले, "आग कशाने लागली?"

"माल देणाराने खोटा माल दिला, सरकार," ऐसे पंतांचे मुखातून निघून गेले. बाई ऐकत होत्या. 

वैद्यांनी पट्टी बांधिली आणि बाई घरी आल्या. पंत भेटीस गेले तो त्या डाव्या हाताने जेवत होत्या आणि भात सांडत होता. "दादा, जरा कालवून द्याल?" पंतांनी भात कालविला आणि घास भरविले. बाईंनी दोषाचा शब्द काढिला नाही. इतकेच पुसिले, "जाड केबली मागविल्या का?" पंतांस मान वर करवेना.

मग पंत भर दरबारी उभे राहिले आणि बोलिले, "माल खरा होता, सरकार. खोटा मी. तार माझी, आग माझी, विझविली भगिनीने."  सरकारांनी कारखानिशी काढून मथुराबाईंस दिली आणि पंतांनी त्यांचे हाताखाली काम मागितले. दर कार्डास स्वतंत्र जाड केबल, खटका बसेतो प्लग दाबावा, यंत्र चालू जाहल्यावर तार तापते की काय पाहावे, ऐसा शिरस्ता बाईंनी घातिला आणि पंतांनी तो पाळिला.

घडले ते इतके. कारखाना नांदता राहिला. बाईंची दोन बोटे पुन्हा पुरती मिटली नाहीत, आणि त्यांनी दादा म्हणोन हाक मारिली की पंत ओ देत, पण त्या बोटांकडे पाहत नसत.