दिवाणखान्यातलं ऊन

आमच्या गावात वर्षातले बरेच महिने थंडी असते, आणि माझे बाबा हीटर दुरुस्त करतात. म्हणजे गाव कुडकुडायला लागलं की आमचा हंगाम सुरू. त्यामुळे ज्या दिवसांत शहाणी माणसं उबदार गावांना फिरायला जातात, त्या दिवसांत बाबा कुणाच्या तरी पलंगाखाली आडवे झालेले असतात. (हीटरसाठी.)

म्हणून आम्ही सहली नुसत्या ठरवतो. मात्र ठरवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

जेवणं झाली की ट्रॅव्हल कंपनीचं माहितीपत्रक टेबलावर येतं. हाताळून हाताळून त्याची पानं रुमालासारखी मऊ झाली आहेत. आई लोकांचे कपडे शिवते. तिला मोठं शहर हवं असतं, रुंद रस्त्यांचं, काचेच्या दुकानांचं, "जिथे कुणी मला 'जरा कमरेत सैल करून द्या' म्हणणार नाही" असं. आजोबा रेल्वेत गार्ड होते. त्यांना कुठल्याही शहराचं फक्त स्टेशन बघायचं असतं. "बाकी शहर म्हणजे काय, स्टेशनातून बाहेर पडलेली गर्दी," असं त्यांचं मत आहे. मला समुद्र हवा असतो. मी तो अजून पाहिलेला नाही. पण हे मी कधी बोलून दाखवत नाही. समुद्राचं पान आलं की त्यावर कोपर ठेवते, म्हणजे ते लवकर उलटता येत नाही.

या वर्षी बाबांचं त्या कोपराकडे लक्ष गेलं.

"उचल जरा," ते म्हणाले.

मी उचललं. खाली निळंनिळं पाणी होतं आणि पाण्याच्या कडेला एक रिकामी खुर्ची.

"जाऊ या," बाबा म्हणाले.

"कुठे?" आईने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"हिच्या कोपराखाली."

आणि खरंच तिकिटं आली! बाबांनी दुकानावर 'समुद्रावर गेलो आहोत, दुकान बंद' अशी पाटी लावली. आईने आम्हा सगळ्यांना पातळ सुती कपडे शिवले. (कापड कमी पडलं म्हणून बाबांच्या शर्टाला मागून जुन्या पडद्याचा तुकडा लावला. ते पाठमोरे उभे राहिले की त्यांना बाजूला सारून बाहेर बघावंसं वाटायचं.)

मला शाळेत रजा मागायची होती. वर्गात माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. (मी पहिल्याच बाकावर बसते.) तेव्हा बाईंनी माझ्या तोंडाशी कान आणून ऐकलं आणि सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं, "अगं बाई, समुद्रावर! आल्यावर सगळ्यांना सांगायचं हं, कसा असतो ते!"

झालं. त्या दिवसापासून मुली माझ्याकडे निराळ्याच नजरेने बघू लागल्या. मीही मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले. 'समुद्र असा असतो की...' याच्या पुढे काही जमत नव्हतं, पण वाटलं, पुढचं समुद्रच सांगेल.

निघायचा दिवस उजाडला. गाडी दुपारची. बॅगा दाराशी, आम्ही नवे कपडे घालून, वरून कोट घालून तयार. अजून बराच वेळ होता. तेवढ्यात बाबांच्या मनात एक विचार आला.

"असं एकदम गारठ्यातून उन्हात गेलो तर आजारी पडू," ते म्हणाले. "शरीराला सवय हवी."

इथे सांगायला हवं, की आमच्या घरी हीटर नाही. दिव्याखाली अंधार असतो, तसा हीटरवाल्याच्या घरी गारठा. खालच्या दुकानातून एखादा चुकून वर आलाच, तर दुसऱ्या दिवशी त्याचा मालक दारात हजर. पण त्या दिवशी खाली दुकानात दुरुस्त झालेल्या हीटरांची रांग लागलेली होती. बाबा एकेक करून सगळे वर घेऊन आले.

"अहो, लोकांचे आहेत ते!" आई म्हणाली.

"मग चालतात की नाही बघायला नको?"

दिवाणखान्यात मधोमध चादर अंथरली. ती वाळू. भोवती हीटर मांडले. बाबांनी एकेक बटण दाबलं आणि तारा हळूहळू लाल झाल्या, मग केशरी. छतावर उजेड हलायला लागला, पाण्यावर हलावा तसा. खिडकीच्या काचेवर गोठलेलं दव वितळून थेंब थेंब उतरू लागलं. बाहेरचा रस्ता, समोरचं दुकान, कानटोप्या घातलेली माणसं, सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं.

आम्ही कोट काढले. आजोबांनी मोज्यांचे दोन्ही जोड काढले. त्यांची पावलं मी बऱ्याच वर्षांनी पाहिली. तीही जरा लाजतच होती.

"हे असंच असतं का हो तिकडे?" आईने डोळे मिटून विचारलं. तिच्या कपाळावरची रोजची आठी कुठे गेली होती कोण जाणे.

"याहून छान. शिवाय बटण नाही दाबावं लागत."

"घड्याळाकडे लक्ष ठेवा बरं कुणीतरी."

"मी असताना गाडी चुकेल?" आजोबा आडवे होत म्हणाले. "उभ्या आयुष्यात माझ्याशिवाय एक गाडी हलली नाही."

"ही ठेवेल की लक्ष," बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बोलत नाही, म्हणजे तिचं सगळीकडे लक्ष असतं."

तिघंही बघता बघता झोपले. मी प्रामाणिकपणे घड्याळाकडे बघत बसले. निघायची वेळ झाली तेव्हा मी हाकही मारली. "बाबा." ती हाक मलाच नीट ऐकू आली नाही. पुन्हा मारली. बाबा झोपेत गोड हसले. इतके, की पुढची हाक मारणं जिवावर आलं. म्हटलं, एक मिनिट थांबू. आणि हीटरकडे तोंड करून जरा टेकले.

मग समुद्र आला. आवाज आधी आला, शिवणाच्या मशीनसारखा, पण फार मोठं कापड शिवणाऱ्या मशीनचा. ती रिकामी खुर्चीही होती. मी तिच्यात बसले आणि पाय पुढे केले. एक लाट माझ्याकडे निघाली. आली, अगदी जवळ आली, आता बोटांना लागणार, इतक्यात आजोबांनी शिट्टी वाजवली. (त्यांचं घोरणं शेवटी शिट्टीसारखं होतं.)

"अहो, कुणी आहे का?" दार ठोठावलं जात होतं.

आईने दार उघडलं. कोपऱ्यावरचे सलूनवाले काका खिडकीत उजेड बघून आपला हीटर घ्यायला आले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, चादर पाहिली, आजोबांची पावलं पाहिली.

"तुम्ही समुद्रावर गेला होतात ना?"

"घड्याळ!" आई किंचाळली. "अहो, गाडी! गाडी सुटली असेल!"

आजोबा ताडकन उठून बसले. "वेळेवर सुटली का?"

"वेळेवरच सुटली असणार!"

"मग ठीक आहे," असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले.

काकांनी आपला हीटर ओळखला. "आमचा चालतोय का पण?"

"उत्तम," बाबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "माणूस झोपतो."

पुढच्या सगळ्या गाड्या भरलेल्या होत्या. बाबांनी दुकानावरची पाटी काढली. मला कुणी रागावलं नाही, हेच फार लागलं. आई एवढंच म्हणाली, "घरी बसून काय करणार? उद्या शाळेत जा."

गेले. माझा डावा गाल हीटरच्या बाजूचा, तो दुसऱ्या दिवशीही लालबुंदच होता. उजवा नेहमीसारखा पांढुरका. हजेरी घेताना बाईंनी मान वर केली.

"तू? अगं, तुझी तर रजा होती ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. बाई जवळ आल्या, हनुवटी धरून माझं तोंड त्यांनी इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"ऊन तर लागलेलं दिसतंय," त्या विचारात पडल्या. "पण एकाच गालाला. म्हणजे अर्ध्या वाटेतून परत आलीस की काय?"

मला ती लाट आठवली. बोटांपर्यंत आलेली.

"हो," मी म्हणाले.

या वर्षी पहिल्यांदाच माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. कारण तिकडून लगेच कुणीतरी विचारलं, "मग दुसरा गाल कधी जाणार?"

ते आमच्याकडे अजून ठरतंय.