पत्नी हा प्रकाशित स्रोत नाही

"पंधरा दिवसांत अख्खा पोलादपूर तालुका इंटरनेटवर चढवतो," असं बाळ सरांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या मुलीला, सुमेधाला, हायसं वाटलं. आई गेल्यापासून आठ महिने बाबा 'चहा टाक' याहून लांब वाक्य बोलले नव्हते.

साल दोन हजार सात. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा मराठीतला एक ज्ञानकोश तिनेच त्यांना महाडच्या सायबर कॅफेत दाखवला होता. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मजकूर तयारच होता, आईच्या वहीत. कुडपणच्या शाळेत ती अकरा वर्षं शिकवायला होती. तिथले पाणवठे, पायवाटा, खाचरांची नावं, सगळं तिने दोनशेपानी वहीत उतरवलं होतं. ते चार लोकांनी वाचावं, एवढीच सरांची इच्छा.

तांदळातला खडा शोधावा तसं त्यांचं एक बोट कळफलकावर फिरे. त्यात वीज जाई. नवव्या दिवशी लेख चढला आणि दहाव्या दिवशी त्यावर पाटी लागली: संदर्भ द्या.

पाटी लावणारा निषाद नावाचा कुणी स्वयंसेवक होता. सरांनी त्याला लिहिलं, संदर्भ: माझी पत्नी. त्याने नम्रपणे कळवलं की पत्नी हा प्रकाशित स्रोत नाही.

"एकतीस वर्षं मी तिच्याकडे संदर्भ मागितला नाही," सर म्हणाले. "हा कोण मागणारा?"

"नियम आहे बाबा त्यांचा."

"मग प्रकाशित करू."

त्यांचा जुना विद्यार्थी विनीत साप्ताहिक काढायचा. त्याने शेवटच्या पानावर, सिमेंटच्या जाहिरातीखाली, वही शब्दन् शब्द छापली. सरांनी अंकाची तारीख, पान, सगळं लेखाखाली टाकलं. तिसऱ्या दिवशी लेखच गायब! कारण दिलं होतं: मजकूर एका साप्ताहिकातून जसाच्या तसा उचलला आहे.

सर इरेला पेटले. पाच माजी विद्यार्थ्यांना कॅफेत नेऊन त्यांनी पाठिंब्याची पाच पत्रं लिहवून घेतली, एकाच संगणकावरून, एकाच दुपारी आणि मजकूरही सरांनीच सांगितलेला. ज्ञानकोशाने सहाही जणांना एकच माणूस ठरवलं आणि अख्ख्या कॅफेला महिनाभर लिहायला बंदी केली. कॅफेवाल्या सदूने सरांना चहा पाजला आणि हात जोडले.

"सोडलं मी ते," सर घरी येऊन म्हणाले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. आता पुन्हा 'चहा टाक', सुमेधाने मनाशी म्हटलं.

पण सकाळी सर पायांत चपला घालून उभे होते. "कुडपणला चल. तिथेच वाचून दाखवतो. तिथे कोण पाट्या लावतंय!"

शाळेच्या ओट्यावर वीसेक माणसं जमली. सर खणखणीत आवाजात वाचत होते. माणसं माना डोलवत होती. 'खालचा झरा चैत्रात आटतो' हे वाक्य आलं आणि शाळेला पाणी भरणारी ठमाबाई पदर सावरत म्हणाली, "नाय आटत, गुरुजी."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"संदर्भ?" सर म्हणाले.

"काय?"

"म्हणजे, कशावरून म्हणता?"

"आता कशावरून! पाणी मीच भरते ना तिथलं." ठमाबाई जरा घुटमळली. "बाईंना मीच सांगितलेलं आटतो म्हणून. नायतर कळशी घेऊन माझ्यामागं उतरायच्या. गुडघे सुजलेले त्यांचे, ऐकतील तर शपथ."

मग सर हसू लागले. डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत हसले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं: आटत नाही. ठमाबाई.

परतीच्या जीपमध्ये पोलादपूर येईपर्यंत त्यांची बडबड थांबली नाही. सुमेधा खिडकीशी बसून नुसतं ऐकत होती. उतरताना मात्र त्यांनी आवाज खाली आणला.

"त्या निषादला हे कळवू नकोस हं."