खिडकीजवळची खुर्ची आणि तटस्थ माणूस

वडील गेल्यावर दोघा भावांनी सलून समंजसपणे वाटून घेतलं. अडलं ते फक्त खिडकीजवळच्या खुर्चीपाशी. उजेड तिथेच आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक दिसतं तेही तिथूनच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे दोघांनाही पाठ होतं. म्हणून प्रकरण लवादाकडे सोपवायचं ठरलं. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून निवडलेला पंच. तो देईल तो निर्णय अंतिम. तसा करारही त्यांनी केला.

लवादाची कामं करणारा वकील शोधायला दोघे एकत्रच गेले. वकिलांनी पहिली हरकत त्यालाच घेतली.

"एकत्र आलात? मग वाद कसला?"

"आहे ना वाद," धाकटा म्हणाला. "दादा ऐकतच नाही."

"मग तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा. आणि यापुढे एकमेकांशी बोलणं बंद. बोलण्याने प्रकरण बिघडतं."

तेव्हापासून दोघे शेजारी उभे राहून मुक्याने केस कापू लागले. "जरा कात्री दे" हे वाक्य वकिलांमार्फत जाऊ लागलं. वहिनी दिराला चहा देई, तोही कोणताही हक्क मान्य न करता.

पंच तटस्थ हवा, म्हणजे त्या सलूनात कधीही केस न कापलेला. अख्ख्या वस्तीत असा माणूस नव्हता. अखेर थोरल्याच्या वकिलांनी एक निवृत्त न्यायाधीश शोधून काढले. त्यांना पूर्ण टक्कल होतं. धाकट्याच्या वकिलांनी लेखी आक्षेप नोंदवला : 'सदर गृहस्थांच्या मनात केशधारी वर्गाविषयी आकस असण्याची दाट शक्यता आहे.' एकमत होईना, तेव्हा पंच नेमून मिळावा म्हणून सगळे कोर्टात गेले.

कोर्टाने विचारलं, "एवढंसं प्रकरण बाहेर का मिटवत नाही?" आणि पुढची तारीख दिली.

बाहेर पायरीवर धाकट्याची नजर भावाच्या कल्ल्यांवर गेली. एक वर, एक खाली.

"दादा, हे कुणी कापले?"

"मीच. तू बोलत नव्हतास ना."

धाकट्याला भरून आलं. "एक दिवस खुर्ची तुझी, एक दिवस माझी. चालेल?"

"न चालायला काय झालं?"

दोन्ही वकिलांचं त्या दिवशी प्रथमच एकमत झालं. करारानुसार वाद पंचानेच मिटवायचा. पक्षकारांनी तो परस्पर मिटवणं हा करारभंग. त्यांनी तातडीने अर्ज करून खुर्चीला सील लावून घेतलं आणि भाऊ पुन्हा मुके झाले.

वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोघांना समोर बसवून "पुरे झालं आता" म्हणायला एक माणूस पुरला असता. पण गळ्यावर वस्तरा फिरत असताना तोंड उघडू नये, एवढं शहाणपण आपल्या प्रत्येकाकडे आहे. आपण मान वर करतो, डोळे मिटून घेतो आणि त्याला तटस्थता म्हणतो.